काचेची चप्पल, पाच नंबर

शिरूर कासारच्या बाजारपेठेत आमचं चपलांचं दुकान आहे. पुढे बसून नवरा चपला विकतो आणि मागच्या गोडाऊनमध्ये बसून मी राजपुत्र घडवते. त्याचा माल दोन-दोन वर्षं टिकतो. माझा पुढच्या भागापर्यंत टिकला तरी मी देवापुढे नारळ ठेवते. तरीही घरात मिजास कुणाची जास्त, हे वेगळं सांगायला नको.

मोबाइलवर गोष्टी ऐकवणारं एक अ‍ॅप आहे. त्यासाठी मी लिहिते आणि स्वतःच्याच आवाजात वाचते. जगभरातल्या जुन्या परीकथा घ्यायच्या आणि त्यांच्या प्रेमकथा करायच्या, हे माझं काम. मूळ गोष्टीत राजपुत्र शेवटच्या पानावर घोड्यावरून येतो, लग्न करतो आणि गोष्ट संपते. आमच्याकडे तो पहिल्याच भागात यावा लागतो, नाहीतर बायका भांडी घासता घासता दुसरी गोष्ट लावतात. मी टोपणनावानं लिहिते. ते नाव सांगत नाही, पण ऐकलं की वाटतं, ही बाई सकाळी उठून बाल्कनीत ग्रीन टी पीत असणार. मी सकाळी उठून दुकानासमोर सडा टाकते, कपाळाला विभूती लावते आणि आदल्या दिवशी गिऱ्हाइकांनी पसरून ठेवलेल्या जोड्या खोक्यात भरते.

माझ्या परीकथांना बीड जिल्ह्याची माती लागते, त्याला माझा इलाज नाही. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येच्या महालाभोवती मुळात गुलाबाचं काटेरी रान आहे म्हणे. मी गुलाब पाहिले ते लग्नाच्या हारात. म्हणून माझ्या महालाला येड्या बाभळींनी वेढा घातला आणि राजपुत्र तलवार ठेवून कुऱ्हाडीनं वाट करत आत गेला. आत झोपलेली परकी पोरगी. मूळ गोष्टीत तो सरळ जाऊन तिचा मुका घेतो. मला काही ते लिहवेना. आमच्याकडे घरचा सासरासुद्धा स्वयंपाकघराकडे वळताना आधी खाकरतो. तर माझा राजपुत्र उंबऱ्यात उभा राहून खाकरला आणि राजकन्येची शंभर वर्षांची झोप त्यानंच मोडली. तो भाग बऱ्याच बायकांना आवडला. उंच मनोऱ्यावरून केस खाली सोडणाऱ्या पोरीच्या गोष्टीत मात्र मी विरहाचे भागामागून भाग रडून काढले आणि भागाखाली बायकांचा एकच प्रश्न पुन्हा पुन्हा आला, ताई, ती तेल कोणतं लावते?

एवढं प्रेम या बाईत आलं कुठून, असं कुणालाही वाटेल. ते मिळालं नाही, यातून आलं, अशी माझी समजूत होती. माझे सगळे राजपुत्र एका शब्दाच्या रागातून जन्मले, आणि तो शब्द माझ्या नवऱ्याचा.

मी नेकनूरची. मला बघायला आले त्या दिवशी माझा बी.ए.चा पेपर होता. मैत्रिणीची नवीकोरी सँडल हौसेनं घालून मी बीडला पेपर दिला आणि एसटीनं घरी पोचले, तोवर पाहुणे ओसरीत येऊन बसलेले. तोंडावर पाणी मारलं, साडी गुंडाळली, पोह्यांचा ट्रे उचलला. नाव, शिक्षण, स्वयंपाक येतो का, सगळं विचारून झालं. मी मान खाली घालून उत्तरं दिली. मग मुलाचे काका म्हणाले, पोरी, जरा दारापर्यंत चालून ये बघू. तेव्हा तशी रीत होती. पोरीच्या पायात काही खोट नाही ना, हे भर बैठकीत बघायचं. मी चालून आले. काका मुलाच्या कानाशी वाकून काहीतरी कुजबुजले, आणि मुलगा चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाला, "चालंल."

त्या शब्दाबरोबर माझे मामा उठून उभे राहिले, सुपारी फुटली, साखर वाटली गेली आणि पुढचं सगळं गलक्यात बुडालं.

चालंल. भाजीत मीठ जरा कमी पडलं तर माणूस म्हणतो, चालंल. पिवळा शर्ट नाही, निळाच शिल्लक आहे म्हटलं तर म्हणतो, चालंल. मी काही कुणाची अप्सरा नव्हते, हे मला आरशानं वेळोवेळी सांगितलेलं होतं. पण "पसंत हाय" एवढं तरी? माझ्या बहिणींना तर आयतंच सापडलं. माहेरी माझं नावच पडलं ते. "आली का चालंल?" "चालंलला भाकरी वाढा गं." जावयासमोर मात्र त्यांनी कधी तोंड उघडलं नाही, जावयाचा मान मोठा. त्यामुळे ज्यानं हे बारसं केलं त्याला आजवर पत्ता नव्हता.

आणि मी विचारलं नाही. त्यानं मला पसंत केलं होतं की नुसतं चालवून घेतलं होतं, एवढंच मला हवं होतं. संसार झाला, पोरगा वाढून लातूरला शिकायला गेला, दुकानाला काचेचा दरवाजा लागला, पण तेवढं काही जिभेवर आलं नाही. विचारायचं आणि उत्तर पुन्हा एकाच शब्दात आलं तर काय करायचं, ही भीती मला खरोखर होती. त्यापेक्षा राजपुत्र बरे. माझे राजपुत्र एका दमात दीड पान बोलतात.

नवरा वाईट माणूस नाही. बोलत नाही, एवढंच. दिवसभरात दुकानात त्याची दोन वाक्यं ठरलेली. एक, "चालून बघा." दुसरं, "चावत तर न्हाई ना?" बसल्या जागी तो कुणाला चप्पल घेऊच देत नाही. ऊसतोडीला टोळ्या निघायच्या आधी दुकानात उभं राहायला जागा नसते, तेव्हाही एकेकाला सतरंजीवर चालायला लावतो. मी गल्ल्यावर बसून त्याची ती दोन वाक्यं ऐकत असते आणि मनात राजपुत्राला उपमा पुरवत असते. मला दर दिवाळीला नवी चप्पल मिळते. त्यातही त्याची एक तऱ्हा आहे. डावी लगेच हातात देतो आणि उजवी घेऊन आत जातो, काहीतरी ठोकाठोकी करतो, मग आणून देतो. दुकानातला बिघडलेला माल हा बायकोच्या पायात खपवतोय, हे मी पहिल्याच दिवाळीला ओळखलं होतं. बोलले नाही. व्यापाऱ्याची बायको आहे, समजून घ्यावं लागतं. आमच्या लग्नातसुद्धा सासरहून साडीबरोबर जी चप्पल आली, ती माप न घेता बरोबर बसली होती. माझ्या आत्यानं केवढं कौतुक केलं. मी म्हटलं, चपलांचंच दुकान आहे, बसणारच, त्यात नवल ते काय.

तर गेल्या दिवाळीनंतर अ‍ॅपच्या संपादक मुलीनं माझ्याकडे काचेच्या चपलेची गोष्ट मागितली. ही मुलगी पुण्याला असते, आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही. मला ताई म्हणते आणि माझे परिच्छेद निर्दयपणे कापते. गोष्ट सगळ्यांना माहीत आहे: सावत्र आईच्या घरी राबणारी पोरगी, एका रात्रीचा समारंभ, बाराचे ठोके पडले म्हणून ती पळते, एक चप्पल मागे राहते आणि राजपुत्र ती चप्पल घेऊन घरोघर पोरींचे पाय बघत फिरतो. मी तो समारंभ उचलून नारायणगडाच्या यात्रेत आणला. राजा केला बागायतदार पुढारी, राजपुत्राला पांढरी गाडी दिली. बाराच्या ठोक्यांना आमच्याकडे कोण विचारतो? म्हणून माझी नायिका नेकनूरला जाणारी शेवटची एसटी चुकेल म्हणून पळाली. कंडक्टरनं बेल दिली, ती चढली, आणि एक चप्पल मागे देवळाबाहेर चपलांच्या ढिगात राहिली. लिहून झाल्यावर माझे मलाच डोळे पुसावे लागले.

जेवताना मी ते नवऱ्याला वाचून दाखवलं. त्यानं भाकरी मोडत ऐकलं आणि विचारलं की यात्रेतल्या ढिगात काचेची चप्पल शाबूत राहिली कशी. मी म्हटलं, प्रेमात राहते. मग त्यानं विचारलं, नंबर किती. मी वैतागून म्हटलं, पाच. तो म्हणाला, पाच नंबर निम्म्या तालुक्याला बसतो, त्या पोरानं लग्न करायचं तरी कुणाकुणाशी. मी फोन बंद करून ताक प्यायले.

शेवटचा भाग पाठवला तो परत आला. संपादक मुलीचं म्हणणं, लिहिलंय छान, पण तुमच्या आवाजातला राजपुत्र सर्दी झालेल्या मावशीसारखा वाटतो, तेवढ्या ओळी एखाद्या पुरुषाच्या आवाजात करून पाठवा. आता पुरुष आणायचा कुठून? दिराला सांगितलं असतं तर संध्याकाळच्या आत साऱ्या बाजारपेठेला माझं टोपणनाव कळलं असतं. पोराला फोन केला, तो "आई, प्लीज" एवढंच म्हणाला आणि फोन ठेवला. राहिला कोण?

दुपारी लाइट गेली तेव्हा मी त्याला मागे बोलावलं. लाइट गेली की पंखे बंद, शेजारच्या गिरणीचा आवाज बंद, आणि आमच्या गोडाऊनमध्ये छतापर्यंत खोकी असल्यानं आवाज घुमत नाही. दाराला गोदडी टांगली, फोन एका खोक्यावर उभा केला आणि राजपुत्राची पानं नवऱ्याच्या हातात दिली. त्यानं चष्मा लावला, झरोक्याच्या उजेडात गमबुटांच्या पेटीवर बसला आणि मालाची पावती वाचावी तसं वाचायला लागला.

"हे सखे, तुझ्या पावलांची चाहूल लागताच माझ्या काळजाच्या वाटेवर चांदणं सांडलं कंसात गहिवरून."

कंसातलं वाचायचं नसतं, हे मी समजावलं. दुसऱ्या वेळी त्यानं कंस गाळला आणि त्यासोबत चांदणंही गाळलं. तिसऱ्या वेळी "काळजाच्या वाटेवर" म्हणून थांबला आणि ही वाट कुठं जाते ते विचारलं. माझ्या ज्या ओळींवर बायका बदामाची चित्रं पाठवतात, त्या त्याच्या तोंडून ऐकताना मला पहिल्यांदाच कळलं की त्या किती वाईट आहेत. पण हे त्याला सांगणं शक्य नव्हतं. मी म्हटलं, पुढे वाचा.

पुढे राजपुत्र गुडघ्यावर बसतो, पोरीच्या पायात काचेची चप्पल घालतो आणि म्हणतो, तूच ती, तूच माझ्या जन्माची राणी. नवरा एवढं वाचून थांबला. पान उलटून मागे काही आहे का ते बघितलं. काही नव्हतं.

"हा तिला काहून इचारत न्हाई?" तो म्हणाला.

"काय इचारायचं?"

"चावती का म्हणून. काचंची चप्पल हाय. टाच सोलून निघंल तिची."

मी म्हटलं, ही प्रेमकथा आहे, दुकान नाही. त्यानं मान हलवली, जरा पुढे सरकला आणि फोनकडे तोंड करून त्याच्या रोजच्या, गिऱ्हाइकाशी बोलायच्या आवाजात म्हणाला, "चावत तर न्हाई ना? चावत असंल तर सांग, बदलून देतो."

हसायला हवं होतं. पण त्या आवाजात एक माया होती, आणि ती सगळ्या तालुक्याला दिवसभर फुकट मिळत होती. माझा इतक्या वर्षांचा राग एकदम वर आला.

"मला तरी काय इचारलं व्हतं तुमी?" मी म्हणाले. "बघायला आलता तवा नुसतं चालंल म्हणाला व्हतात. पसंत हाय, एवढं बोलायला जड झालं व्हतं का?"

बोलता बोलता माझा आवाज फुटला. माझ्या एकाही नायिकेचा आवाज मी इतका वाईट फोडलेला नाही.

त्यानं चष्मा काढला. मला वाटलं, आता म्हणेल, असं म्हणालो होतो होय, मला नाही आठवत. पण त्याला आठवत होतं.

"काकानं इचारलं, पोरगी लंगडती, हिला नीट चालाय येतं का न्हाई," तो म्हणाला. "मी म्हणलं, चालंल. उजव्या टाचंला फोड हाय, सँडल चावलीय."

मी बसले तिथेच, खोक्यांच्या फटीत. मैत्रिणीची ती सँडल. स्टँडपासून घरापर्यंत उजवा पाय ओढत आले होते आणि पाहुणे बघून दुखणं विसरले होते. बैठकीत सगळ्यांच्या नजरा माझ्या तोंडाकडे होत्या, रंग बघत होते, नाक बघत होते, आणि हा एक माणूस टाचेवरचा फोड बघत बसला होता. चालंल म्हणजे चालेल ही पोरगी, पायांनी चालेल, काका, काही झालेलं नाही तिला. त्याच्या पुढचं वाक्य मामांच्या सुपारीनं खाल्लं. आणि मी त्या पहिल्या शब्दावर रुसून केवढे राजपुत्र उभे केले होते. माझ्या साहित्याचा पाया म्हणजे एक फोड निघाला.

पण लेखिका इतक्या सहजी हार मानत नाही. नीट बघितलं तर त्यानं फक्त माझ्या चालण्याची हमी घेतली होती. माझा प्रश्न होता तिथेच होता.

"मग पसंत व्हते का न्हाई?" मी विचारलं.

"ते कुणी इचारलंच न्हाई."

"मी इचारतेय आता."

तो खोक्यांच्या रांगांकडे बघायला लागला. गिऱ्हाइकानं नंबर सांगितला की माल कुठे ठेवलाय ते आठवताना बघतो, तसा. म्हटलं, आता जे येईल ते येईल.

"पाच नंबर," तो म्हणाला. "उजवा पाय डाव्यापरीस जरा मोठा. फोड उजव्यालाच व्हता, तवाच ध्यानात बसलं. मग लग्नातली चप्पल धाडायच्या आधी उजवी लाकडी साच्यावर चढवून सैल केलती. अजूनबी करतो."

मी विचारलं, हे मला कधी सांगितलं का नाही. तो म्हणाला, चावत नव्हती, मग सांगायचं काय.

मी रडले. चांगली पदर डोळ्याला लावून, हुंदके देऊन रडले. बिघडलेला माल खपवतोय म्हणून ज्या दिवाळ्या मी मोठ्या मनानं समजून घेतल्या होत्या, त्या सगळ्या एकदम आठवल्या. तो बिचारा घाबरला. त्याला वाटलं, त्याच्या वाचण्यानं माझं काम बिघडलं. पान पुन्हा हातात घेऊन म्हणाला, हवं तर परत वाचतो, आता कंसातलं वाचणार नाही. तेवढ्यात लाइट आली, गिरणी सुरू झाली आणि रेकॉर्डिंगचं वाटोळं झालं.

फोन सगळा वेळ चालू होता. राजपुत्राचं दीड पान मी पुसून टाकलं, काळजाच्या वाटेसकट. चप्पल पायात घातल्यानंतर ते एकच वाक्य ठेवलं, चावत असेल तर सांग, बदलून देतो. त्याच्या पुढचं आमचं बोलणं कापून माझ्याकडे ठेवलं, ते कुणाला ऐकवायचं नाही. भाग पुण्याला पाठवला. संपादक मुलीनं कळवलं की राजपुत्राचा आवाज चालेल, फक्त ते चावण्याचं वाक्य विचित्र वाटतं, बदलून देता का? मी आयुष्यात पहिल्यांदा तिला नाही म्हटलं. भाग होता तसाच लागला. ऐकणाऱ्यांपैकी काहींना हा राजपुत्र फारच कमी बोलतो असं वाटलं, आणि एकीनं चप्पल कुठे मिळेल ते विचारलं.

यंदाच्या दिवाळीला दुकानात ही गर्दी. नवऱ्यानं माझ्यासाठी एक जोडी काढली, डावी हातात दिली आणि उजवी घेऊन आत निघाला. या वेळी मी गल्ला तसाच सोडून त्याच्या मागे गेले. त्यानं चप्पल साच्यावर चढवली, बोटानं पट्टा दाबून बघितला, हातोडीनं हळू हळू ठोकलं, पुन्हा दाबून बघितलं. मी दारात उभी आहे हे त्याला कळलं होतं, पण त्यानं वर बघितलं नाही. मग ती आणून माझ्या पायापाशी ठेवली. मी दोन्ही पायांत चपला घातल्या आणि सगळ्या गिऱ्हाइकांसमोर सतरंजीवर दारापर्यंत चालून आले.

"चावत तर न्हाई ना?" त्यानं विचारलं.

"चालंल," मी म्हणाले.